आधुनिकतावाद आणि शिल्पातील मानवाकृती : महाराष्ट्रातील शिल्पकलेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शिल्पकलेचा इतिहास हा बहुतांशी मानवी देहाच्या घडणीचा इतिहास आहे. देव, राजा, संत, योद्धा, दाता किंवा सामान्य माणूस यांपैकी कोणाचेही शिल्प असो, शिल्पकाराला प्रथम देहाचाच विचार करावा लागतो. विसाव्या शतकात आधुनिकतावादी विचाराने या देहाची मोडतोड केली, त्याची ओळख पुसली आणि काही वेळा तो शिल्पातून नाहीसाही केला. हे स्थित्यंतर कलेतिहासाच्या ग्रंथांत बहुधा पॅरिस आणि लंडन या शहरांच्या संदर्भात मांडले जाते. भारताचा उल्लेख आलाच तर पश्चिमेचे उशिरा झालेले अनुकरण एवढ्यापुरताच येतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही मांडणी अपुरी ठरते. येथे आधुनिकतावादी शिल्पाने ज्या वास्तववादाला आव्हान दिले तो वास्तववाद हीच मुळात नवी गोष्ट होती. युरोपात आधुनिकतावादाने सुमारे चारशे वर्षांची परंपरा नाकारली. महाराष्ट्रात मात्र वास्तववादी मानवाकृती शिल्पकारांच्या हाती येऊन जेमतेम अर्धशतक झाले होते. मानवाकृतीची कल्पना येथे साठ वर्षांच्या आत दोनदा बदलली. या दुहेरी बदलाचे स्वरूप तपासणे आणि आधुनिक शिल्प कलादालनात स्थिरावले असताना सार्वजनिक चौकात ते का रुजले नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या विवेचनाचा आरंभ वसई परिसरापासून केला आहे. एक कारण असे की, मानवाकृतीच्या जुन्या कल्पनांचे ठसे या परिसरात जवळजवळ सापडतात. दुसरे असे की, वास्तववादी पिढीतील एक अग्रगण्य शिल्पकार वसईचाच होता.

लक्षणांनी ओळखला जाणारा देह

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या अवशेषांमध्ये बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या : सात मानुषी बुद्धांच्या आणि एक भावी बुद्ध मैत्रेयाची. या मूर्ती मानवी देहाच्या आहेत, परंतु त्या कोणत्याही विशिष्ट माणसाच्या चेहऱ्यावरून घडविलेल्या नाहीत. एका बुद्धाचा दुसऱ्यापासून असलेला भेद मुद्रा आणि लक्षणे यांवरून कळतो; नाक, डोळे किंवा जिवणी यांवरून नव्हे. प्राचीन भारतीय प्रतिमाशास्त्राचे मूलसूत्र हेच होते. देह हा तत्त्वाचा आधार असे, व्यक्तीची नोंद नसे.

पुढे १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. या काळात चर्चच्या रूपाने मानवाकृतीची दुसरी परंपरा येथे आली. सांडोर आणि आसपासच्या गावांतील चर्चच्या वेदीवर, तसेच वाटेवरील क्रूसांच्या सान्निध्यात वाढलेल्या समाजाला वेदना सोसणारा मानवी देह परिचित झाला. या परंपरेत शरीराच्या दुःखाला महत्त्व आहे, परंतु संताची ओळख पुन्हा चिन्हावरूनच पटते. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या प्रतिमेत क्रूस असतो; त्यांचा प्रत्यक्ष चेहरा कसा होता, हा प्रश्न भाविकाला पडत नाही. अर्थात, या दोन परंपरांचे धर्मविचार सर्वस्वी भिन्न असले तरी मूर्तीतील माणूस लक्षणांनी ओळखावा, याविषयी दोघींचे एकमत होते.

पहिला बदल : व्यक्तीचा चेहरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळेची स्थापना झाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून तेथे आले. ग्रीक-रोमन शिल्पांचे प्लास्टरमधील ठसे समोर ठेवून अभ्यास, जिवंत मॉडेलवरून मातीकाम आणि शरीररचनेचे ज्ञान या मार्गाने विद्यार्थी घडू लागले. त्याच सुमारास राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स ऑफ वेल्स आणि ब्रिटिश अधिकारी यांचे इंग्लंडमध्ये घडविलेले पुतळे मुंबईच्या रस्त्यांवर उभे राहू लागले. पूजेसाठी नव्हे तर स्मरणासाठी उभारलेली, उंच चौथऱ्यावरची, हुबेहूब मानवाकृती ही या शहराला नवी गोष्ट होती.

या शिक्षणातून निघालेली पहिली श्रेष्ठ कृती म्हणजे गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये विद्यार्थीदशेतच घडविलेली 'मंदिरपथगामिनी'. पूजासाहित्य घेऊन देवळाकडे निघालेली, नऊवारी नेसलेली तरुणी हा तिचा विषय. साडीच्या चुण्या, पावलाची हालचाल आणि मुद्रेवरचा संकोच यांतून म्हात्रे यांनी एक महाराष्ट्रीय स्त्री प्लास्टरमध्ये जिवंत केली. सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची प्रशंसा केली, तर रवींद्रनाथ ठाकूर यांनी तिच्याविषयी बंगालीत लेख लिहिला. या शिल्पातील तंत्र युरोपीय होते, पण देह आपल्या घरातला होता. मूर्ती देवळात असते. येथे देवळाकडे निघालेली स्त्री हीच शिल्पाचा विषय झाली. महाराष्ट्रातील मानवाकृतीच्या इतिहासातील हा पहिला मोठा बदल होय.

वास्तववाद आणि राष्ट्रीय स्मृती

म्हात्रे यांच्यानंतरच्या पिढीने या वास्तववादाला सार्वजनिक प्रयोजन दिले. या पिढीतील रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म १८८४ मध्ये वसई येथे झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्याच ठिकाणी १९३३ मध्ये उभा राहिलेला लोकमान्यांचा पुतळा फडके यांनी घडविला. ज्या शहरात तोवर राजघराण्यातील व्यक्तींचे आणि गव्हर्नरांचे पुतळे उभे होते, तेथे राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा भोगलेल्या पुढाऱ्याचा पुतळा समुद्राकाठी उभा राहिला. राज्यकर्त्यांनी आणलेली पुतळ्याची प्रथा त्यांच्याच विरोधातील स्मृतीसाठी वापरली गेली, ही या घटनेतील महत्त्वाची बाब होय.

विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या रूपाने हेच कार्य केले. १९२८ मध्ये अनावरण झालेल्या या भव्य पुतळ्याचे ओतकाम मुंबईत झाले. अशा कामाची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. लोखंडी सांगाड्यावर मातीचा आकार चढवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा आणि शेवटी कांस्यरस ओतायचा, असा हा क्रम असतो. यात शिल्पकार आकार बाहेरून भर घालत वाढवितो आणि प्रत्येक टप्प्यावर तो मूळ व्यक्तीशी ताडून पाहतो. म्हणूनच सादृश्य हा या पद्धतीचा स्वाभाविक निकष ठरतो. पुढे आधुनिक शिल्पकारांनी जे नाकारले त्यात केवळ सादृश्य नव्हते. हा सारा कार्यक्रमच त्यांनी नाकारला.

अशा रीतीने १९३० च्या सुमारास महाराष्ट्रात वास्तववादी मानवाकृती ही परकी शैली उरली नव्हती. ती टिळकांची आणि शिवरायांची शैली झाली होती. युरोपातील आधुनिक शिल्पकाराच्या दृष्टीने वास्तववाद हे प्रस्थापित अकादमीचे प्रतीक होते. येथे मात्र त्याच्याशी स्वातंत्र्याची आकांक्षा जोडली गेली होती. या भिन्नतेची दखल घेतल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही.

युरोपातील स्थित्यंतर आणि त्याचा भारताशी संबंध

युरोपातील बदलाची सुरुवात रोदँ यांच्यापासून मानली जाते. साहित्यिकांच्या एका संस्थेने त्यांच्याकडे कादंबरीकार बाल्झाक यांचा पुतळा मागितला होता. १८९८ मध्ये रोदँ यांनी जो पुतळा प्रदर्शित केला त्यात सैल झग्याखाली शरीर जवळजवळ झाकून गेले होते आणि एका उसळत्या आकारातून केवळ मस्तक वर आले होते. संस्थेने तो नाकारला. 'मंदिरपथगामिनी' आणि 'बाल्झाक' यांच्यात अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. मुंबईत मानवाकृती हुबेहूबपणाकडे जात असतानाच पॅरिसमध्ये ती त्यापासून दूर निघाली होती.

त्यानंतर ब्रांकुशी यांनी मातीकाम सोडून दगडात थेट कोरीवकाम सुरू केले. त्यांच्या 'चुंबन' या शिल्पात दोन देह एकाच दगडी ठोकळ्यात सामावले आहेत. हेन्री मूर यांनी देहाला आरपार छिद्र पाडले आणि पोकळीलाही घनाकाराइतके मूल्य दिले. स्पेनमधील हुलिओ गोन्झालेझ यांनी लोखंडाचे तुकडे जोडून आकृती उभी केली. त्यामुळे देह हा घन वस्तुमान न राहता अवकाशात काढलेली रेषा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जियाकोमेत्ती यांच्या काडीसारख्या कृश आकृतींनी मानवी एकाकीपणाला रूप दिले. या सर्वांत समान सूत्र एकच दिसते. 'हा कोण?' या प्रश्नाऐवजी 'माणूस असणे म्हणजे काय?' हा प्रश्न शिल्पाच्या केंद्रस्थानी आला.

या घडामोडींचा भारताशी असलेला संबंध दुहेरी आहे. खुद्द रोदँ यांनी दक्षिण भारतातील नटराजाच्या कांस्यमूर्तीची छायाचित्रे पाहून तिच्यावर लिहिलेले गौरवपर टिपण १९२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. दुसरा संबंध एका मराठी संस्थानिकाचा आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुशी यांची 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतील शिल्पे विकत घेतली आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर उभारण्याचा संकल्प केला. त्यासाठी १९३७ च्या अखेरीस ब्रांकुशी इंदूरला आले, परंतु ते मंदिर कधीच बांधले गेले नाही. मानवाकृतीपासून मुक्त झालेले शुद्ध शिल्प भारतात स्थिर होण्याची ही एक मोठी संधी अशा प्रकारे हुकली. योगायोग असा की, वसईचे रघुनाथ फडके याच दशकात इंदूरनजीकच्या धार संस्थानात स्थायिक झाले होते आणि व्यक्तिशिल्पे घडवीत होते. ब्रांकुशी आणि फडके यांच्या कलाविचारांतील अंतर मात्र या दोन गावांतील अंतराहून कितीतरी मोठे होते. फडके यांना १९६१ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

संक्रमणाचे टप्पे

वास्तववादाकडून आधुनिकतेकडे महाराष्ट्रातील शिल्पकला एका उडीत गेली नाही. पहिला टप्पा विषयाच्या बदलाचा होता. करमरकर यांनी अलिबागजवळील आपल्या सासवणे या गावी कोळी, शेतकरी, घरातील माणसे आणि जनावरे यांची शिल्पे घडविली. त्यांपैकी अनेक सिमेंटमध्ये आहेत. या शिल्पांतील माणसे थोर नाहीत, त्यांना चौथरा नाही. शैली वास्तववादी राहिली तरी शिल्पात स्थान मिळण्यासाठी माणसाने ऐतिहासिक असले पाहिजे, ही अट येथे गळून पडली. याच काळात शांतिनिकेतन येथे रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये सिमेंट आणि खडी यांच्या मिश्रणातून 'संथाळ कुटुंब' हे खडबडीत पोताचे समूहशिल्प उभारले. सिमेंटसारखे साधे माध्यम दोघांनीही वापरले. परंतु रामकिंकरांनी माध्यमाचा राकटपणा देहाच्या अर्थाचा भाग केला. करमरकरांनी तो देहाच्या सादृश्यापुढे दुय्यम ठेवला.

दुसरा टप्पा वास्तूशी निगडित आहे. नारायण गणेश पानसरे यांनी मुंबईतील न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनीच्या १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दर्शनी भागावर श्रमिक स्त्री-पुरुषांच्या प्रचंड आकृती घडविल्या. या आकृती इमारतीच्या उभ्या रेषांत मिसळून गेल्या आहेत. स्नायू, वस्त्रे आणि चेहरे यांतील तपशील गाळून त्यांना भौमितिक शिस्त दिली आहे. येथे मानवाकृती व्यक्तीकडून प्ररूपाकडे गेली : हा अमुक शेतकरी नव्हे, तर शेतकरी. आधुनिक शिल्पकार आदी दावियरवाला यांना याच पानसरे यांचे मार्गदर्शन लाभले, ही गोष्ट या टप्प्याचे महत्त्व दर्शविते.

दुसरा बदल : व्यक्तीविना देह

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि गाडे या चित्रकारांसमवेत संस्थापक सदस्यांत सदानंद बाकरे हे एकमेव शिल्पकार होते. बडोद्यात १९२० मध्ये जन्मलेले बाकरे जे. जे. कलाशाळेत शिकले होते आणि व्यक्तिशिल्पात पारंगत होते. ज्याला सादृश्य साधता येत नाही तो विरूपणाकडे वळतो, हा त्या काळी वारंवार घेतला जाणारा आक्षेप बाकरे यांच्या उदाहरणाने फोल ठरतो. त्यांनी सादृश्य हाती असताना ते बाजूला ठेवले. १९५१ मध्ये ते इंग्लंडला गेले, १९७५ मध्ये परतले आणि कोकणात मुरूड-हर्णै परिसरात राहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. उमेदीची चोवीस वर्षे परदेशात गेल्यामुळे मराठी समाजाशी त्यांच्या शिल्पाचा सलग संवाद होऊ शकला नाही.

आदी दावियरवाला (१९२२–१९७५) यांची वाटचाल आणखी बोलकी आहे. व्यवसायाने औषधनिर्मितीशी संबंधित असलेल्या या शिल्पकाराने आरंभी लाकूड आणि दगड यांत मानवाकृती कोरल्या. कोरीवकामात भर घालता येत नाही, केवळ काढून टाकता येते. त्यामुळे ओंडक्याची जाडी आणि रेषांचा ओघ यांनाच देहाचे नियम ठरवू द्यावे लागतात. पुढे ते धातूकडे आणि अखेरीस भौमितिक रचनांकडे वळले. त्यांच्या एकाच आयुष्यात देह प्रथम संक्षिप्त झाला, मग सांगाडा झाला आणि शेवटी केवळ तोल, ताण व अवकाश यांच्या रूपाने उरला. पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनीही हेन्री मूर यांच्या प्रभावाखालील मानवाकृतींपासून आरंभ करून भंगारातील धातूचे तुकडे जोडून शिल्पे उभारली. कारखान्याने टाकून दिलेल्या भागांतून घडलेली आकृती ही औद्योगिक मुंबईतील माणसाचीच एक प्रतिमा मानता येईल.

या बदलाला संस्थात्मक आधारही मिळाला. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि शंखो चौधरी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शिल्पविभागाने नव्या पिढ्या घडविल्या. १९५२ मध्ये मुंबईत जहांगीर कलादालन उघडले. मात्र कलादालनाने शिल्पाला आसरा दिला तसा त्याचा आकार आणि प्रेक्षकवर्गही मर्यादित केला.

चौक आणि कलादालन

१९५० नंतर मानवाकृतीच्या दोन वाटा झाल्या. १९५४ मध्ये शिर्डीच्या समाधिमंदिरात बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठापित झाली. वास्तववादी व्यक्तिशिल्प येथे थेट पूजामूर्ती झाले. बाकरे, दावियरवाला आणि पोचखानवाला यांच्याच पिढीतील, १९२५ मध्ये धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले राम सुतार यांनी दुसरी वाट निवडली. गुजरातमधील सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा, २०१८ मध्ये अनावरण झालेला पुतळा त्यांच्या संकल्पनेतून साकारला. एकाच पिढीत, एकाच शहराच्या कलासंस्कारात वाढलेल्या शिल्पकारांच्या हाती देह एकीकडे अदृश्य होत गेला आणि दुसरीकडे पर्वतप्राय झाला.

सार्वजनिक चौकाने आधुनिक आकृती का स्वीकारली नाही? समाजाची अभिरुची मागासलेली आहे, हे त्याचे सोपे उत्तर आहे आणि ते अन्यायकारक आहे. ज्या समाजाला सार्वजनिक जागेवर आपल्या माणसाचा चेहरा उभा करण्याचा अधिकारच दीर्घकाळ मिळाला नव्हता, त्याने तो चेहरा पुसण्यास उत्सुक नसावे, हे स्वाभाविक होय. १९६७ मध्ये संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. उंचावलेला हात आणि हातातील संविधान ही त्याची मुद्रा पुढे गावोगावच्या पुतळ्यांत पुनरावृत्त झाली. वस्तीच्या वेशीवरील हा पुतळा तेथील लोकांच्या नागरिकत्वाची खूण असतो. अशा ठिकाणी चेहऱ्याचे विरूपण ही केवळ कलात्मक बाब राहत नाही.

परंतु याच उदाहरणात एक सूक्ष्म बदलही दडलेला आहे. गावोगावच्या पुतळ्यांत चेहऱ्याचे सादृश्य अनेकदा हरवते, तरीही ओळख चुकत नाही. कोट, चष्मा आणि ग्रंथ यांवरून ती पटते. पगडी, जिरेटोप, काठी यांचेही तसेच. म्हणजे चौकातील पुतळा आता खऱ्या अर्थाने वास्तववादी राहिलेला नाही. तो पुन्हा लक्षणांच्या परंपरेत गेला आहे. सोपाऱ्याच्या बुद्धमूर्ती, संतांच्या प्रतिमा आणि आजचे पुतळे यांना जोडणारा धागा येथे दिसतो. वसईच्या किल्ल्यातील चिमाजी अप्पांचा पुतळाही चेहऱ्याच्या पडताळणीवर नव्हे, तर १७३९ च्या विजयाच्या स्मृतीवर उभा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, महाराष्ट्रात आधुनिकतावादाने प्राचीन परंपरा मोडली नाही. त्याने १८९६ च्या सुमारास प्रस्थापित झालेला, वयाने तरुण असलेला वास्तववाद मोडला. दुसरा, मानवाकृती व्यक्ती, प्ररूप, संक्षिप्त देह आणि शेवटी निव्वळ रचना अशा क्रमाने बदलली. या क्रमाला मातीकामाकडून कोरीवकाम व धातूजोडणी यांकडे झालेला तंत्रातील बदल कारणीभूत होता. तिसरा, आधुनिक शिल्प आणि सार्वजनिक पुतळा या दोघांनीही आपापल्या मार्गाने व्यक्तिसादृश्य मागे टाकले. एकाने अमूर्ततेकडे, तर दुसऱ्याने चिन्हाकडे जाऊन.

मुंबईच्या काळा घोडा चौकातील प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला. २०१७ मध्ये त्या परिसरात पुन्हा एक काळा घोडा उभा राहिला, मात्र त्याच्यावर स्वार नाही. ज्या शहरात पुतळा म्हणजे कोणीतरी थोर माणूस हे समीकरण दीडशे वर्षे चालत आले, तेथे रिकामी पाठ असलेले हे शिल्प लोकांनी सहज स्वीकारले. स्मृती जपण्यासाठी प्रत्येक वेळी चेहऱ्याची गरज नसते, हे त्यातून दिसते. आधुनिक शिल्पकारांनी कलादालनाच्या चार भिंतींत जे सांगितले, ते चौकात सांगण्याची शक्यता म्हणूनच अद्याप संपलेली नाही. त्यासाठी महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत शिल्पकलेच्या इतिहासाला स्थान मिळणे आणि फडके, करमरकर, पानसरे, बाकरे व दावियरवाला यांचे कार्य एकाच सलग परंपरेचा भाग म्हणून अभ्यासले जाणे आवश्यक आहे.